वितरण वाहिन्यांतील शेष क्लोरीन: ऱ्हासाचे मॉडेल कसे बांधावे

जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना पाण्यात मोजून मिसळलेला क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत किती उरतो, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. तो फार कमी उरला, तर गळक्या सांध्यातून आत शिरलेल्या दूषित पाण्यापुढे कोणतेच संरक्षण राहत नाही. टोकापर्यंत पुरेसा उरावा म्हणून केंद्रातच मात्रा वाढवली, तर जवळच्या ग्राहकांना उग्र वासाचे पाणी मिळते आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली उपउत्पादनेही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाला पाणी मिळते त्या ठिकाणी मुक्त शेष क्लोरीन किमान ०.२ मि.ग्रॅ./लिटर असावा, तर आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मि.ग्रॅ./लिटर आहे. संपूर्ण जाळे सर्व ऋतूंत या पट्ट्यात ठेवायचे, आणि शक्यतो त्याच्या खालच्या भागात ठेवायचे, तर केवळ नळावरचे नमुने पुरत नाहीत. नमुना काय घडले ते सांगतो. मात्रा बदलली, जलकुंभ वेगळ्या वेळी भरला किंवा वाहिनी बदलली तर काय घडेल, हे जाणण्यासाठी मॉडेल, म्हणजे संपूर्ण जाळ्याची संगणकावरची प्रतिकृती, लागते.

नळावर मोजलेली घट तीन कारणांनी ठरते: पाणी वाहिनीत किती वेळ राहिले, त्या वेळात पाण्यातल्याच पदार्थांनी किती क्लोरीन खर्च केला, आणि वाहिनीच्या भिंतीने किती खाल्ला. पाण्यातला आणि भिंतीवरचा ऱ्हास किती वेगाने होतो, ते मॉडेलमध्ये गुणांकांनी दाखवतात. त्यातला कोणताही एक गुणांक ओढूनताणून मोजलेला आकडा जुळवून आणता येतो, आणि नेमका तिथेच धोका आहे. एक बंद राहिलेली झडप मॉडेलमध्ये उघडी दाखवली गेली असेल, तर ती चूक भिंतीच्या गुणांकात सहज लपते. मॉडेल आज बरोबर दिसते आणि परिस्थिती बदलताच फसते. म्हणून पुढच्या सर्व कृतींमागे एकच आग्रह आहे: वेळ, पाणी आणि भिंत या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्यात, आणि एकीची चूक दुसरीच्या माथी मारू नये.

पाण्याचा प्रवास आधी

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ईपानेट. ते १९९३ साली प्रथम उपलब्ध झाले आणि ते विनामूल्य आहे. बाजारातील अनेक व्यावसायिक प्रणालींच्या मुळाशीही त्याचीच गणनपद्धती आहे. इथे त्याचीच परिभाषा वापरली आहे, परंतु तत्त्व कोणत्याही प्रणालीत तेच राहते.

बहुतेक संस्थांकडे दाबासाठी तपासलेले जलीय मॉडेल, म्हणजे प्रवाह आणि दाब यांचे मॉडेल, आधीच असते आणि त्यावरच क्लोरीनची गणना सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दाब जुळला म्हणजे प्रवासाचा वेळ जुळला, असे होत नाही. मोठ्या व्यासाच्या, मंद प्रवाहाच्या वाहिनीत दाबाची घट इतकी थोडी असते की प्रवाह निम्मा किंवा दुप्पट धरला तरी दाबमापकाच्या काट्यावर फरक दिसत नाही. पाण्याचे वय, म्हणजे केंद्रातून निघाल्यापासून गेलेला वेळ, मात्र तेवढ्याने दुप्पट किंवा निम्मे होते. तीन गोष्टी विशेष काळजीने तपासाव्यात. पहिली, आतला खरा व्यास: गंजाच्या गाठींनी अरुंद झालेल्या बिडाच्या वाहिनीत नोंदवहीतला व्यास धरला, तर वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात चुकतो. दुसरी, झडपांची प्रत्यक्ष स्थिती. तिसरी, लहान वाहिन्या: दाबाच्या मॉडेलमधून त्या अनेकदा वगळलेल्या असतात, पण क्लोरीन सर्वांत जास्त तिथेच नष्ट होतो. गल्लीबोळांतल्या वाहिन्या गाळून बांधलेल्या मॉडेलने टोकाच्या ग्राहकाबद्दल काही सांगावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

शक्य असेल तिथे माग काढणाऱ्या पदार्थाची चाचणी घ्यावी. पिण्यास सुरक्षित मर्यादेत मिठाचे द्रावण सोडून विद्युतवाहकतेची लाट कोणत्या ठिकाणी किती वेळाने पोहोचते ते नोंदवावे. जिथे पाण्यात फ्लोराइड मिसळले जाते, तिथे काही काळ त्याची मात्रा थांबवूनही हेच साधता येते. लाट पोहोचण्याची वेळ मॉडेलशी जुळेपर्यंत मागणीचे वाटप, व्यास आणि झडपा तपासत राहावे. तोपर्यंत क्लोरीनच्या गुणांकांना हात लावू नये.

यानंतर क्लोरीनऐवजी पाण्याच्या वयाची गणना चालवावी. या गणनेत रासायनिक गुणांक नसल्यामुळे जे विचित्र दिसेल ते जलीय मांडणीतलेच असते. जलकुंभांकडे इथे बारकाईने पाहावे. भरण्याची आणि काढण्याची वाहिनी एकच असेल आणि पाणी नीट ढवळले जात नसेल, तर वरचे पाणी दिवसेंदिवस तसेच राहते. ईपानेटमध्ये कुंभासाठी चार पर्याय आहेत: पूर्ण मिश्रण, दोन कप्पे, आधी आलेले आधी बाहेर, आणि शेवटी आलेले आधी बाहेर. न विचारता ‘पूर्ण मिश्रण’ गृहीत धरले जाते. कुंभाच्या वेगवेगळ्या खोलीवर तापमान आणि क्लोरीन मोजून पाहिल्याखेरीज ते तसेच ठेवू नये.

बाटलीतील चाचणी

पाण्यातला ऱ्हास प्रयोगशाळेत मोजता येतो, आणि या सगळ्या कामात कमी खर्चात सर्वाधिक विश्वासार्ह माहिती देणारी पायरी हीच आहे. दुसऱ्या एखाद्या जाळ्यासाठी वापरलेला गुणांक उसना घेऊ नये. सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, लोह, मँगनीज आणि तापमान यांनुसार तो अनेक पटींनी बदलतो.

गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. त्या आधी तीव्र क्लोरीन द्रावणात, सुमारे १० मि.ग्रॅ./लिटर, दिवसभर भिजवून ठेवाव्यात आणि मग क्लोरीन न खाणाऱ्या शुद्ध पाण्याने धुवाव्यात, म्हणजे काचच क्लोरीन खात नाही. केंद्रातून बाहेर पडणारे, क्लोरीन मिसळलेले पाणी हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावे आणि बाटल्या अंधारात, स्थिर तापमानात ठेवाव्यात. प्रत्येक वाचनासाठी स्वतंत्र बाटली वापरावी, कारण एकदा उघडलेली बाटली पुढच्या वाचनाला योग्य राहत नाही. पहिल्या काही तासांत वाचने दाट असावीत: अर्धा तास, १, २, ४ आणि ८ तास. नंतर दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरेसे आहे. जाळ्यातल्या सर्वांत जुन्या पाण्याचे वय वयाच्या गणनेतून आधीच कळलेले असते. चाचणी किमान तितका काळ चालू ठेवावी. मापन डीपीडी पद्धतीने (यात डीपीडी हे रसायन क्लोरीनमुळे गुलाबी होते), रंगमापक यंत्रावर करावे. डोळ्यांनी रंग ताडून पाहण्याच्या संचातून गुणांक काढण्याइतकी अचूकता मिळत नाही. पाण्यात ऑक्सिडीकृत मँगनीज असेल, तर डीपीडीला तेही क्लोरीनसारखेच दिसते, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत साधे गृहीतक असे की क्लोरीन नष्ट होण्याचा दर उरलेल्या क्लोरीनच्या प्रमाणात असतो, म्हणजे प्रथम क्रमाची अभिक्रिया. मग उरलेल्या आणि सुरुवातीच्या प्रमाणाच्या गुणोत्तराचे नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडले, तर सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार हाच गुणांक होतो. उदाहरणार्थ, १.० मि.ग्रॅ./लिटरचे २४ तासांत ०.६२ झाले, तर गुणांक सुमारे ०.४८ प्रतिदिन येतो. प्रत्यक्षात रेषा क्वचितच सरळ येते. सुरुवातीला ती वेगाने खाली उतरते आणि मग संथ होते, कारण चटकन अभिक्रिया करणारे पदार्थ आधी संपतात. वक्रता थोडी असेल, तर वाहिनीतल्या वयाशी जुळणारा भाग घेऊन एकच गुणांक काढला तरी चालते. ती ठळक असेल, तर जलद आणि मंद अशा दोन काल्पनिक घटकांशी क्लोरीनची अभिक्रिया दाखवणारे मॉडेल वापरावे. त्यात प्रत्येक घटकाशी होणाऱ्या अभिक्रियेचा दर क्लोरीन आणि तो घटक यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ईपानेटची मूळ आवृत्ती एकाच पदार्थाचा हिशेब ठेवते, म्हणून यासाठी ईपानेट-एमएसएक्स ही बहुपदार्थी जोडणी लागते.

हा तपशील केवळ अभ्यासकांसाठी आहे असे समजू नये. वाटेत पुन्हा क्लोरीन मिसळण्याची सोय असेल, तर त्याचा परिणाम थेट भोवतो. पुनःक्लोरिनेशनच्या ठिकाणी पोहोचलेल्या पाण्यातले जलद घटक आधीच संपलेले असतात, त्यामुळे तिथून पुढे ऱ्हास मंदावतो. एकच गुणांक सगळीकडे लावला, तर पुढच्या भागात घट अकारण जास्त दिसते आणि गरजेपेक्षा मोठी मात्रा ठरवली जाते. याच कारणाने सुरुवातीची मात्रा बदलली, तरी प्रथम क्रमाचा गुणांक बदलतो. म्हणून चाचणी किमान दोन वेगवेगळ्या मात्रांवर घ्यावी.

तापमानाचेही तसेच. चाचणी दोन तापमानांवर घ्यावी आणि अभिक्रियेचा वेग तापमानानुसार कसा बदलतो ते सांगणाऱ्या अऱ्हेनियस समीकरणाने इतर तापमानांचे आकडे काढावेत. समजा १५ अंश सेल्सिअसला गुणांक ०.४ आणि २५ अंशांना ०.९ प्रतिदिन आला. दोन्हींच्या गुणोत्तराचे लॉगॅरिदम निरपेक्ष तापमानांच्या व्यस्तांकांमधील फरकाने भागले, की सुमारे ७,००० केल्व्हिन हा स्थिरांक मिळतो आणि त्यावरून ३० अंशांना गुणांक सुमारे १.३ येतो. थंडीत जुळवलेले मॉडेल उन्हाळ्यात का चुकते, याचे उत्तर अनेकदा एवढ्यातच असते.

भिंतीचा हिशेब

भिंतीवरचा ऱ्हास समजायला सर्वांत अवघड आहे, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. उघड्या लोखंडाचा गंज, जैवथर (भिंतीवर वाढलेला सूक्ष्मजीवांचा थर) आणि साचलेला गाळ क्लोरीन खातात. प्लॅस्टिकच्या किंवा सिमेंटचे अस्तर असलेल्या वाहिन्या त्यामानाने फार कमी खातात. मात्र भिंतीला क्लोरीन खायचा असला, तरी आधी तो प्रवाहातून भिंतीपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून इथे दोन गुणांक एकापाठोपाठ काम करतात: भिंतीची स्वतःची अभिक्रियाशीलता आणि भिंतीपर्यंतचे वहन, दोन्ही मीटर प्रतिदिन या एककात. त्यांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागला की परिणामी गुणांक मिळतो. त्याला ४ ने गुणून व्यासाने भागले की भिंतीमुळे होणारा ऱ्हास प्रतिदिन या एककात येतो. तो पाण्यातल्या ऱ्हासात मिळवायचा.

आकडे घालून पाहिल्याशिवाय याचे गांभीर्य कळत नाही. १५० मि.मी. व्यासाची २ कि.मी. लांबीची जुनी वाहिनी घेऊ. वेग ०.३ मीटर प्रतिसेकंद, पाणी २० अंशांचे, पाण्यातला ऱ्हास ०.५ प्रतिदिन, भिंतीचा गुणांक ०.३ मीटर प्रतिदिन. प्रवाहाचे स्वरूप सांगणारा रेनॉल्ड्स अंक ४५,००० येतो, म्हणजे प्रवाह प्रक्षुब्ध, घुसळला जाणारा आहे. पाण्यातील क्लोरीनचा विसरणांक (तो स्थिर पाण्यात आपोआप किती वेगाने पसरतो) सुमारे १.२ गुणिले १० चा उणे नववा घात, चौरस मीटर प्रतिसेकंद, धरला तर वहनाचा गुणांक सुमारे १.२ मीटर प्रतिदिन येतो. परिणामी गुणांक ०.२४ आणि भिंतीमुळे होणारा ऱ्हास ६.४ प्रतिदिन होतो, म्हणजे पाण्यातल्या ऱ्हासाच्या जवळजवळ तेरा पट. प्रवासाला जेमतेम १.८५ तास लागतात, तरी ०.८० मि.ग्रॅ./लिटर क्लोरीन टोकाला ०.४७ उरतो. फक्त पाण्यातला ऱ्हास धरला असता, तर मॉडेलने ०.७७ दाखवले असते. भिंत आणि वेग तेच ठेवून व्यास ६०० मि.मी. केला, तर उरतो ०.६८. मुख्य वाहिनीवर भिंतीचा परिणाम नगण्य वाटतो आणि लहान वाहिन्यांत तोच निर्णायक ठरतो, तो असा.

आता त्याच १५० मि.मी. वाहिनीत रात्री वेग ०.०१ मीटर प्रतिसेकंदावर उतरला असे समजू. रेनॉल्ड्स अंक १,५०० होतो, प्रवाह स्तरित होतो, म्हणजे थर एकमेकांत न मिसळता सरकतात, आणि वहनाचा गुणांक ०.००५ मीटर प्रतिदिनापर्यंत घसरतो. भिंत तितकीच भुकेली असते, पण तिच्यापर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. भिंतीमुळे होणारा ऱ्हास ६.४ वरून सुमारे ०.१३ प्रतिदिन होतो. ‘या वाहिनीतला एकूण ऱ्हास इतका’ असा एकच आकडा सगळ्या दिवसासाठी ठरवणे किती फसवे आहे, हे यावरून दिसते. याला एक पुस्ती जोडली पाहिजे. बंद टोकाच्या वाहिनीत पाणी प्रत्यक्षात संथ वाहत नाही. कुणी नळ उघडला की काही सेकंद जोरात वाहते आणि पुन्हा थांबते. मॉडेल मात्र तासाभराची सरासरी घेऊन तिथे सतत स्तरित प्रवाह दाखवते. म्हणून बंद टोकांवरचे निकाल गरजेपेक्षा आशादायक असू शकतात, आणि माझ्या मते तिथे मॉडेलपेक्षा प्रत्यक्ष नमुन्यावरच भिस्त ठेवावी.

भिंतीचा गुणांक प्रत्यक्ष मोजायचा, तर मधे एकही जोडणी नसलेला, एकाच व्यासाचा आणि एकाच प्रकारचा वाहिनीचा भाग निवडावा. प्रवाह मोजून प्रवासाचा वेळ काढावा. वरच्या ठिकाणी नमुना घेतल्यावर तेवढाच वेळ थांबून खालच्या ठिकाणी घ्यावा, म्हणजे पाण्याचा तोच भाग दोनदा मोजला जातो. एकूण ऱ्हासातून बाटलीत मोजलेला ऱ्हास वजा करावा, उरलेल्याला व्यासाने गुणून ४ ने भागावे आणि त्यातून वहनाचा वाटा वेगळा काढावा. दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. दोन्ही ठिकाणांमधली घट मापनातल्या संभाव्य चुकीच्या कितीतरी पट असली पाहिजे. अन्यथा लांब भाग निवडावा. आणि मिळालेला परिणामी गुणांक वहनाच्या गुणांकाच्या अगदी जवळ आला, तर त्या चाचणीने भिंतीबद्दल काहीही सांगितलेले नाही, फक्त वहनाची मर्यादा गाठली गेली आहे. अशा वेळी अधिक वेगाच्या प्रवाहात चाचणी पुन्हा घ्यावी.

प्रत्येक वाहिनीवर हे शक्य नाही. म्हणून वाहिन्यांचे गट करावेत: अस्तर नसलेले बीड जुने, तेच मध्यम वयाचे, अस्तर असलेले, प्लॅस्टिक. प्रत्येक गटाला एक गुणांक द्यावा. ईपानेटच्या मार्गदर्शिकेनुसार हा गुणांक शून्यापासून सुमारे १.५ मीटर प्रतिदिनापर्यंत असू शकतो. जुळवणीतून त्यापलीकडचा आकडा येऊ लागला, तर दोष भिंतीत नव्हे, जलीय मांडणीत शोधावा.

गणना चालवताना

ईपानेटमध्ये ऱ्हासाचे गुणांक उणे चिन्हासह आणि दिवसाच्या हिशेबाने (पाण्याचा प्रतिदिन, भिंतीचा मीटर प्रतिदिन) भरावे लागतात. चिन्ह विसरले तर क्लोरीन वाटेत वाढताना दिसतो, हे लगेच लक्षात येते. प्रतितास गुणांक भरला गेला, तर मात्र चूक सहज नजरेतून निसटते. कुंभांसाठी पाण्यातल्या ऱ्हासाचा गुणांक वेगळा देता येतो. गुणवत्तेच्या गणनेचे पाऊल पाच मिनिटे किंवा त्याहून लहान ठेवावे, कारण आखूड वाहिन्यांतून पाणी मिनिटांत पार होते. सुरुवातीला कुंभांत आणि वाहिन्यांत भरलेले क्लोरीनचे आकडे काल्पनिक असतात, आणि त्यांचा प्रभाव जाईपर्यंत गणना चालू ठेवावी लागते. चोवीस तासांतला मागणीचा चढउतार पुन्हा पुन्हा चालवून, सर्वांत संथ कुंभातला आलेख आदल्या दिवसाच्या आलेखावर तंतोतंत बसेपर्यंत थांबावे. मोठ्या कुंभांच्या जाळ्यात याला दहा दिवस किंवा अधिक लागू शकतात. निकाल फक्त शेवटच्या दिवसाचेच वाचावेत.

प्रत्यक्षाशी ताडून पाहणे

जुळवणीसाठी नमुने दिवसभर, ठरावीक अंतराने घ्यावेत, कारण सकाळच्या एका नमुन्याशी जुळणारी मॉडेले अनेक असू शकतात. ठिकाणे केंद्राच्या जवळची, मधली, कुंभाच्या मागची आणि टोकाची अशी पसरलेली असावीत. नळ सोडून ग्राहकाच्या खासगी वाहिनीतले पाणी वाहून जाऊ द्यावे आणि मगच नमुना घ्यावा. त्या दिवशीची केंद्रातली मात्रा, पंपांच्या वेळा, कुंभांच्या पातळ्या आणि पाण्याचे तापमान मॉडेलमध्ये जसेच्या तसे भरावे. या टप्प्यावर फक्त भिंतीचे गटनिहाय गुणांक फिरवावेत, कारण बाकीचे आधीच मोजलेले आहेत. एका गटाचे सर्व नमुने जुळले आणि एकच ठिकाण हट्टाने वेगळे पडले, तर त्यासाठी नवा गुणांक तयार करू नये. तिथे माणूस पाठवून झडपा तपासाव्यात. मग वेगळ्या ऋतूत, एकही गुणांक न बदलता केवळ तापमानानुसार पाण्यातला ऱ्हास दुरुस्त करून, नव्या नमुन्यांशी तुलना करावी. मॉडेलवर विसंबायचे की नाही, ते या दुसऱ्या तुलनेवरूनच ठरवावे.

काही ठिकाणी ही पद्धत पुरत नाही. मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) वापरले जाते तिथे त्याचे आपोआप विघटन होते, ते पीएचवर तसेच क्लोरीन आणि नायट्रोजनच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि सुटलेल्या अमोनियावर नायट्रीकरण करणारे जीवाणू वाढतात. एका गुणांकात हे मावत नाही. तिथे बहुपदार्थी मॉडेलच हवे. जिथे पाणी दिवसाचे काही तासच सोडले जाते, तिथे अडचण त्याहून मूलभूत आहे, कारण वाहिन्या नेहमी पूर्ण भरलेल्या आहेत या गृहीतकावर ईपानेट उभे आहे. रिकाम्या वाहिनीत पाणी भरत जाण्याचा आणि पुरवठा बंद असताना भिंतीवर साचलेला गाळ पहिल्या लाटेत सुटण्याचा काळ त्यात दाखवताच येत नाही. अशा जाळ्यात मॉडेल वाहिन्या भरून प्रवाह स्थिरावल्यानंतरच्या तासांपुरते वापरावे आणि पुरवठा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पाण्याचे नमुने स्वतंत्रपणे, दर वेळी घ्यावेत.

निकाल मांडताना दिवसाची सरासरी देऊ नये; प्रत्येक ठिकाणचा दिवसातला सर्वांत कमी आकडा आणि तो किती वाजता येतो, हे द्यावे. शेजारी पाण्यातल्या ऱ्हासाचा आणि भिंतीच्या गुणांकाचा संभाव्य वरचा आणि खालचा आकडा घेऊन चालवलेल्या दोन गणनांचे निकाल ठेवावेत. पुनःक्लोरिनेशनची जागा ठरवताना यांतली सर्वांत प्रतिकूल गणना आणि सर्वांत उष्ण महिन्याचे तापमान घ्यावे. तिथल्या मात्रेची वरची मर्यादा मात्र सर्वांत थंड महिन्याच्या गणनेवरून तपासावी, कारण तीच मात्रा थंडीत जवळच्या ग्राहकांपर्यंत जवळजवळ न घटता पोहोचते.